पुणतांब्याचं इंजिन आणि वन्संचा कान

मैत्रिणींनो, प्रवासाचा लेख म्हटला की काश्मीर, उटी, गेला बाजार महाबळेश्वर तरी हवं, असं आपल्या मनात बसलेलं असतं. मी मात्र आज तुम्हांला पुणतांब्याला नेणार आहे. तिथेही देवळात थोडा वेळ आणि विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत जास्त वेळ बसवणार आहे. नाक मुरडू नका! इंजिनाच्या नावाने मीही आधी मुरडलंच होतं. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या बाईचा डिझेल इंजिनाशी संबंध तो काय? पण माझ्या नणंदबाईंनी चार दिवसांत जे शिकवलं, ते आपल्या स्टोव्ह-कुकरापासून फारसं लांबचं नाही, हे वाचता वाचता तुम्हांलाच पटेल.

गोदाकाठचं गाव

मनमाडहून दौंडकडे निघालेली गाडी कोपरगाव सोडते, गोदावरीचा पूल ओलांडते आणि पुणतांबा येतं. हा लोहमार्ग १८७८ सालचा. २००९ साली इथून शिर्डीला फाटा निघाला आणि पुणतांब्याचं जंक्शन झालं. पण साईबाबांच्या दर्शनाला निघालेली मंडळी खिडकीतून स्टेशनची पाटी वाचतात आणि पुढे जातात. उतरणारे आपले माझ्यासारखे, कोणाची तरी वहिनी नाहीतर कोणाची तरी मावशी असलेले.

गाव जुनं. नदीला दगडी घाट. त्यांतला एक अहिल्याबाई होळकरांनी बांधवला. ज्यांच्या नावाने आता आपला जिल्हा अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो, त्याच अहिल्याबाई. घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी बसावं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, तरी त्या रुंद पात्राकडे पाहून मन निवतं.

आणि पुणतांबा म्हणजे चांगदेव महाराजांची समाधी. त्यांची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली. योगबळाने चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीला निघालेले चांगदेव, आणि त्यांना सामोरी गेलेली भिंतीवर बसलेली चार भावंडं. त्याआधी त्यांनी ज्ञानेश्वरांना पत्र धाडलं होतं म्हणे. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना, तेव्हा कागद कोराच पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, एवढी वर्षं जगून हे अजून कोरेच राहिले! ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, तीच चांगदेव पासष्टी. आणि पुढे याच पोरसवद्या मुक्ताबाईला चांगदेवांनी गुरू केलं. एवढा सिद्धपुरुष एका मुलीपुढे शिकायला बसला, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

अलीकडच्या काळात गावाचं नाव वर्तमानपत्रांत गाजलं ते २०१७ साली. १ जूनला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची ठिणगी इथलीच. शहरात आपण तेव्हा दूध-भाजी मिळेना म्हणून कुरकुरलो होतो. पण ती भाजी पिकते कशी, याची कल्पना मला यावेळी आली.

हळू केलं की धाप

वन्संकडे मी गेले होते ती खरं म्हणजे आजाऱ्याला भेटायला. त्यांच्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. तीन महिने जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. आणि नेमक्या त्याच आठवड्यात शिवाराची डीपी जळाली. विजेची मोटार बंद. कांदा ऐन फुगवणीला आलेला, मार्चचं ऊन, आणि अजून दोन पाळ्या पाणी हवं. पाणी चुकलं तर कांदा गोटीएवढाच राहणार.

मग सासऱ्यांच्या वेळचं डिझेल इंजिन बाहेर निघालं. एका सिलिंडरचं, पाच घोड्यांचं. आणि ते चालवायला उभ्या राहिल्या वन्सं! पदर घट्ट खोचलेला, वर सासऱ्यांचा जुना सदरा, डोक्याला रुमाल. इंजिनाच्या डोक्यावरची खिट्टी उचलून हँडल गरागरा फिरवायचं, वेग आला की खिट्टी सोडायची, की धडाडधड सुरू. मी तर बघतच राहिले.

पण इंजिनाला एक खोड लागली होती. जोरात चालवलं की ठीक, हळू केलं की बिघडलं. धड्-धड्-धड्... मध्येच एक ठोका गाळायचं, पांढरट धुराचा लोट सोडायचं, डिझेलचा उग्र वास यायचा, सगळं इंजिन गदगदा हलायचं आणि शेवटी बंद पडायचं.

तुम्ही म्हणाल, मग जोरातच चालवावं की! मीही तेच म्हटलं. तेव्हा वन्संनी मला विहिरीच्या काठाशी नेलं. "वहिनी, खाली बघा. पाणी आहे का गुडघाभर तरी? जोरात लावलं तर अर्ध्या तासात विहीर उपसते. फुटबॉल उघडा पडतो, पंप हवा ओढतो. मग परत पंपात पाणी भरा, परत हँडल मारा. हळू चालवलं तर जेवढं पाझरतं तेवढंच उपसतं, दिवसभर धार चालू राहते. तेही फार हळू नाही बरं, नाहीतर पंप पाणीच उचलत नाही. त्या बेताचं हळू."

फुटबॉल म्हणजे पाण्यात बुडलेल्या नळाच्या तोंडाची झडप, फूटव्हॉल्व्ह. उन्हाळ्यात विहीर जपायची तर इंजिन मंद चालायलाच हवं, हे माझ्या ध्यानात आलं.

बाजारच्या गावाहून एक मिस्त्री येऊन गेला होता. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, "रिंगा गेल्या. पिस्टन, लायनर सगळं नवं. बावीस हजार." घरात बावीस हजार होते, पण ते धाकट्या मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले. यजमान बिछान्यावरून म्हणाले, "देऊन टाक. कांदा गेला तर प्रवेशही जाईल." सासूबाईंनीही मान डोलावली. वन्सं तेवढ्या म्हणत राहिल्या, "रिंगा गेलेल्या नाहीत. हँडलला दम आहे." पण घरात कोणी ते मनावर घेईना. हिला काय कळतं, असं तोंडाने कोणी म्हणालं नाही, इतकंच.

कुकर, स्टोव्ह आणि गाळणी

शेजारच्या वस्तीवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक आबा राहतात. उभा जन्म त्यांनी डिझेलच्या इंजिनांशी काढला. वन्संनी त्यांनाच बोलावलं. आबांनी आधी कशालाच हात लावला नाही. वन्संना विचारलं, "तू रोज चालवतेस ना? मग तूच सांग." आणि त्या सांगत होत्या तेव्हा मान खाली घालून नीट ऐकलं. मला त्या वेळी चांगदेवांची आठवण झाली.

मला काही समजत नाही हे पाहून आबांनी मलाही बसवून सांगितलं. ते तुम्हांला माझ्या शब्दांत सांगते.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून आग लावतात. डिझेलमध्ये ठिणगी नसतेच. नुसती हवा कोंडायची आणि दाबायची. सोळा-सतरा भाग हवा दाबून एका भागाच्या जागेत बसवली की ती इतकी तापते, पाचशे अंशांच्याही वर, की तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, तसंच हे. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन अभियंत्याने हे इंजिन १८९७ साली यशस्वी करून दाखवलं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर असं एक छोटं इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवलं होतं. आपण ज्यात पुऱ्या तळतो त्या तेलावर!

म्हणजे इंजिनाला दोनच गोष्टी लागतात. हवा नीट कोंडली गेली पाहिजे आणि डिझेल नीट फवारलं गेलं पाहिजे. हवा कोंडणं हे कुकरसारखं. रबरी रिंग सैल झाली की वाफ निसटते आणि डाळ शिजत नाही. फवारणं हे आजीच्या पंपाच्या स्टोव्हसारखं. निपलच्या बारीक भोकात काजळी धरली की ज्योत निळी न राहता पिवळी होते, भकभकते. मग आपण पिन मारायचो, आठवतं?

आता हळू चालतानाच दोष का दिसावा? जोरात चालताना हवा निसटायला आणि थंड व्हायला वेळच मिळत नाही. डिझेलही भरपूर आणि झटक्याने येतं. त्यामुळे थोडाफार दोष झाकून जातो. हळू चालताना दाबलेल्या हवेला निसटायला सवड मिळते, आणि डिझेल येतं अगदी थेंबभर. तेवढं थेंबभर डिझेल नीट न फवारता नुसतं गळलं तर पेटणार कसं? ठोका गळतो आणि न जळालेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडतं.

हँडलमधला दम

आबांनी मग एकेक गोष्ट तपासायला घेतली. आधी सोपी, बिनखर्चाची. महागाची सगळ्यांत शेवटी.

पहिलं डिझेल. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढलं आणि घटकाभर ठेवलं. तेलात पाणी असलं की ते तळाशी बसतं. आपल्या घरच्या तेलाचंही तसंच. बाटलीच्या तळाला पाण्याची बोटभर रेघ आणि तांबडा गाळ! डिझेल ठेवलेला पत्र्याचा डबा आतून गंजला होता.

दुसरं गाळणं. फिल्टर काळाकुट्ट. चहाच्या गाळणीत चोथा अडकला की चहा थेंब थेंब पडतो, तसंच. नवा फिल्टर बसवला. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, तेही मोकळं केलं.

तिसरं, नळीतली हवा काढणं. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करायचा, बुडबुडे निघू द्यायचे, नुसती डिझेलची धार आली की आवळायचा. मग पंपाजवळ तसंच.

एवढं करून इंजिन सुरू केलं. थोडा फरक पडला, पण हळू केलं की धाप होतीच. यजमान खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "मिस्त्री म्हणत होता तेच खरं. रिंगाच."

त्यावर वन्सं एक शब्द न बोलता घरात गेल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आल्या. ज्यावर आपण सगळ्याजणी दुधाचा हिशेब लिहितो, तेच. त्यावर दुधाच्या शेजारी रोजचा इंजिनाचा हिशेब होता! डिझेल किती घातलं, किती तास चाललं आणि इंजिनात ऑइल किती कमी झालं. ऑइलच्या रकान्यात सगळीकडे जवळजवळ पूज्य.

"रिंगा गेल्या असत्या तर इंजिन ऑइल प्यायलं असतं ना?" वन्सं म्हणाल्या. "धूर निळा झाला असता. धूर पांढरा आहे. आणि हँडल अजून मनगट परत ढकलतं."

आबा हसले. खिट्टी खाली ठेवून त्यांनी हँडल हलक्या हाताने दाबाच्या जागेपर्यंत आणलं. हँडल अडलं आणि स्प्रिंगसारखं मागे आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कोंडलेली हवा कुठून फुस्सकन निसटत नव्हती. टॅपेटची फट पट्टी घालून मोजली, तीही पुस्तकात दिल्याप्रमाणे होती. "कुकरची रिंग शाबूत आहे," आबा माझ्याकडे बघून म्हणाले. "आता स्टोव्हचं निपल बघू."

निपल म्हणजे नोझल. आबांनी ते इंजिनाच्या डोक्यातून काढलं, नळीला बाहेरच्या बाजूला जोडलं, आम्हां सगळ्यांना लांब उभं केलं आणि हँडल फिरवायला लावलं. चांगलं नोझल कर्र आवाज करून धुक्यासारखा फवारा सोडतं, लग्नातल्या गुलाबदाणीसारखा. इथे पिचकारीसारखी एक वाकडी धार आली आणि मागाहून टोकाशी थेंब लोंबकळत राहिला. टोकावर काजळीचा थर होता.

"हे बघा तुमचे बावीस हजार," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि वन्सं एस.टी.ने तालुक्याबाहेर एका नोझल-पंपाच्या दुकानात गेलो. त्यांनी यंत्रावर तपासून तेच सांगितलं. नवं नोझल घातलं, त्याचा दाब लावून दिला, खाली बसवायला तांब्याचं नवं वायसर दिलं. फिल्टर, वायसर, मजुरी धरून खर्च दीड हजाराच्या आत. दुकानदाराने बिल कोणाच्या नावाने करू विचारलं, तेव्हा वन्संनी क्षणभर थांबून स्वतःचं नाव सांगितलं.

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. वन्संनी वेग हळूहळू उतरवला. आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो. धड्... धड्... धड्... एकही ठोका गळला नाही. वाफ्यात पाण्याची बारीक, अखंड धार सुरू झाली. यजमान कितीतरी वेळ त्या धारेकडे पाहत होते. मग म्हणाले, "तू पहिल्या दिवशीच सांगत होतीस." एवढंच. पण वन्संचे डोळे भरून आले. धुराने आले, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

दोष आला कुठून, तेही आबांनी सांगितलं. गंजक्या डब्यातलं डिझेल हे एक, आणि दिवसच्या दिवस मंद चालवणं हे दुसरं. मंद इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि नोझलवर काजळी धरते. म्हणून तासभर हळू चालवलं की दहा मिनिटं भार देऊन जोरात चालवायचं. तेवढ्याने विहीर उपसत नाही.

आपल्या घराण्याचीच गोष्ट

ओलेल इंजिनाचं आणि बायकांच्या मासिकांचं एक जुनं नातं आहे, हे मला परत आल्यावर आठवलं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली, आणि त्याच घरातून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. किती पिढ्यांच्या बायकांना त्याने लिहितं-वाचतं केलं! पुढे १९४६ साली त्याच उद्योगाची डिझेल इंजिनांची कंपनी पुण्यात उभी राहिली आणि अशी इंजिनं गावोगावच्या विहिरींवर पोचली. नांगर, इंजिन आणि 'स्त्री' एकाच घरातून निघावी, मग आपण इंजिनाला परकं का मानावं?

एवढं लक्षात ठेवा

शेतावर इंजिन असेल, किंवा सोसायटीत, दुकानात जनरेटर असेल, तर हे उपयोगी पडेल.

१. धूर पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला तर घाबरू नका.

२. डिझेल स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि गाळूनच ओता. तळातलं शेवटचं डिझेल टाकीत घालू नका.

३. तपासणी स्वस्तापासून महागाकडे करा. डिझेल, फिल्टर, हवा, टॅपेट, नोझल आणि मग रिंगा-पिस्टन. मिस्त्रीने एकदम शेवटचं सांगितलं तर आधीचं तपासलंत का, हे नम्रपणे विचारा.

४. ऑइल आणि डिझेलचा हिशेब कॅलेंडरवर लिहा.

५. पदर, ओढणी, वेणी, बांगड्या सांभाळा. फिरत्या पट्ट्याजवळ आणि चाकाजवळ सैल कपडा म्हणजे प्राणाशी गाठ. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका बसला तर हात वाचतो.

६. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नका. तो कातडी फोडून आत शिरतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. आबांनी केलेली ती चाचणी जाणत्यानेच करावी, आपण नाही. आणि बंद खोलीत इंजिन चालवू नका, धूर विषारी असतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी चांगदेवांच्या समाधीला जाऊन आलो आणि घाटावर बसलो. वाऱ्याबरोबर लांबून कुठल्यातरी इंजिनाचा आवाज येत होता. वन्सं बोलता बोलता थांबल्या, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या टॅपेटला बघायला पाहिजे." मला हसूच आलं.

परवा त्यांचा फोन आला होता. कांदा निघाला, चांगला पोसला आहे. डीपीही बसली. आणि धाकटीचा प्रवेश झाला, ठेवलेल्या पैशांतूनच.

तेव्हा शिर्डीला जाल तेव्हा एकदा पुणतांब्याला उतरा. समाधीचं दर्शन घ्या, घाटावर बसा. आणि घरात काही नीट चालत नसेल, मिक्सर म्हणा, शिवणयंत्र म्हणा, तर रोज ते हाताळणारं माणूस काय म्हणतंय, ते आधी ऐका. पुष्कळदा ते माणूस आपणच असतो!